न दुखणारा हात

त्या वर्षी विहिरींचं पाणी खाली खाली गेलं आणि आमच्या दारातली गर्दी वाढत गेली. कुणाचाच दोर पाण्याला पुरेना. लोक जुना दोर खांद्यावर टाकून यायचे आणि म्हणायचे, सहा हात वाढवून द्या. तोच माणूस महिन्याने परत हजर, आता आणखी चार हात. आम्ही दोरवाले. लोकांची तहान वाढली की आमचं काम वाढायचं, आणि बाबांना याची फार लाज वाटायची. गिऱ्हाईक आलं की ते आधी वर आभाळाकडे बघून च्च च्च करायचे आणि मग मापाची काठी हातात घ्यायचे. मी एकदा म्हणाले, "बाबा, पाऊस काय तुम्ही अडवून धरलाय?" तर म्हणाले, "तू चाक फिरव."

चाक फिरवायचं काम माझं होतं. आता ते चाक नाही आणि ती वाटही नाही. तिथे पेट्रोल पंप आलाय. दोर दुकानात गुंडाळीने मिळतो, हिरवा नाहीतर निळा, हाताला कसलाच वास न लागणारा. मला कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यात काय चांगलं होतं, तर मी ती वाट सांगेन, आणि लोकांना वाटेल म्हातारीला भ्रम झाला. वाटलं तर वाटू दे.

घरामागे दोन्ही बाजूंना झाडं लावलेली, झाडून लख्ख केलेली सरळ साठ पावलांची जागा, तिला आम्ही वाट म्हणायचो. एका टोकाला चाक. चाकाच्या आकड्याला ओल्या तागाचं टोक अडकवायचं. एकीने चाक फिरवायचं आणि दुसरीने तागाचा भारा कमरेला बांधून, पोटाजवळून तो बोटांनी थोडा थोडा सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. ती मागे जाईल तसा आमच्या दोघींच्या मध्ये पेड तयार होत जायचा. असे तीन पेड एकत्र वळले की दोर. ओल्या तागाचा तो वास सकाळी नाकात शिरला की अजूनही, म्हणजे आता तो वास नाही पण आठवण आली तरी, मला भूक लागते.

मागे जाणारी माझी धाकटी बहीण. तिला सगळे बारकी म्हणायचे. पुढे ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाली, तरी बारकीच. तिच्यासारखा पेड पंचक्रोशीत कुणाला जमायचा नाही. डोळे मिटून बोटं फिरवावीत, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. बाबांना कौतुक करता यायचं नाही. ते पेड हातात घेऊन नुसतं "हं" म्हणायचे, आणि ते "हं" मिळवण्यासाठी ती मरमर राबायची.

उलटं चालणारीचं तोंड चाकाकडे असतं. त्यामुळे आम्ही दोघी लहानपणापासून दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत काम केलेलं. आमचं बोलण्याचं एक ठरून गेलं होतं. पहिल्या दहा पावलांत गुपितं. त्यानंतर घरच्या कुरबुरी. चाळीस पावलांच्या पुढे ओरडूनच बोलावं लागायचं, म्हणून तिथे फक्त ऊन किती आहे, तहान लागली, असलं काहीतरी. आई बाजूला बसून ताग विंचरायची. तिचे गुडघे गेलेले, पण कान शाबूत. ती म्हणायची, "पहिल्या दहा पावलांत काय ते कुजबुजता गं? मोठ्याने बोला की."

आणि एक थट्टा होती. तागाचा भारा पोटावर बांधला की पोरगी पोटुशी दिसते. प्रत्येक गिऱ्हाइकाला हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं असं वाटायचं. दूधवाली मावशी तर रोज सकाळी दुधाचं भांडं खाली ठेवताना विचारायची, "काय गं बारके, कितवा महिना?" आणि बारकी दहा वर्षांची असल्यापासून तिचं उत्तर ठरलेलं, "तेरावा, मावशी. हत्ती होणार आहे." मावशी रोज तेवढीच हसायची. मला त्या दोघींचा कंटाळा यायचा. आज तो कंटाळा परत मिळाला तर मी हात जोडून घेईन.

आदल्या वर्षी बारकी शहरात शिवणाच्या कारखान्यात कामाला गेली होती; ती नसताना मागे जायला रोजावर एक पोरगी होती, तिचं त्या थंडीत लग्न होऊन ती गेली. दुष्काळाच्या उन्हाळ्याआधी, थंडी सरत असताना परत आली. म्हणाली, तुमच्याकडे काम वाढलंय म्हणून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भारा बांधला, आकड्याला ताग लावला आणि चार पावलं मागे जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत."

मी चाक फिरवत राहिले. चाक मध्येच थांबलं की पेडाला गाठ येते.

"मला नकोय," ती सातव्या पावलाला म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. खूप विचार केलाय. तो माणूस वाईट नाही, पण राहणाऱ्यांतला नाही. आणि राहिला असता तरी मला आत्ता नकोय." नवव्या पावलाला म्हणाली, "तू येशील माझ्याबरोबर?"

मी मान हलवली. दहावं पाऊल झालं आणि आम्ही दोघी गप्प झालो. उरलेली पन्नास पावलं ती नुसती चालली, आणि पेड नेहमीसारखाच आला, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. मला त्याचंच जास्त रडू आलं.

आम्ही दोघी बसने शहरात गेलो. सरकारी दवाखाना, हिरव्या रंगाच्या भिंती, बाकावर आमच्यासारख्या चारपाच जणी. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी तिला एकटीला बसवून विचारलं की कुणाची जबरदस्ती नाही ना. सगळं नीट झालं. परत निघताना म्हणाल्या, "आठ दिवस जड उचलू नको. मग तुझं काम कर, खा, पी, हस. रक्त जास्त गेलं किंवा ताप आला तर लगेच ये." आणि मला वेगळं म्हणाल्या, "हिच्याशी बोलत राहा." मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आई ताग विंचरत होती. तिने फणी खाली ठेवली नाही. फणी तशीच चालू ठेवून म्हणाली, "बाहेर काय सांगायचं?" मुलगी कशी आहे हे नाही, बाहेर काय सांगायचं. तेव्हा मला आईचा राग आला, पण मी तरी काय केलं? मी लगेच उत्तर दिलं. अक्कल चालवली. म्हणाले, "हात कापला म्हणून सांगू. पेडाने तळवा कापला, आत पू झाला. म्हणजे कामाला का बसत नाही हे कुणी विचारणार नाही."

ही चूक फक्त दोरवाल्यांच्या घरातच होऊ शकते. दुसरं कुठलंही दुखणं सांगितलं असतं, कावीळ, ताप, तर लोकांनी लांबून विचारलं असतं. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस हातांचाच विचार करणारा. दोरवालीचा हात म्हणजे त्यांचं पाणी. आईने पांढऱ्या फडक्याची पट्टी काढली आणि बारकीच्या उजव्या हाताला, ज्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, गुंडाळून टाकली. बारकी म्हणाली, "किती दिवस?" आई म्हणाली, "बघू."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. अंगाने ती बरी झाली होती. चेहऱ्यावर रंग आला, जेवायला लागली. पण पट्टी सुटेना. आईला तिला भारा बांधलेलं बघवणार नव्हतं, हे मला नंतर कळलं. पोटावर तो भारा, आणि मावशीची ती थट्टा. आईने ते कधी बोलून दाखवलं नाही. ती रोज सकाळी ताजी पट्टी घेऊन बसायची, बारकीचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, जुनी सोडायची, नवी बांधायची, आणि हे सगळं करताना नजर हातावरच. तोंडाकडे एकदाही नाही.

उजव्या हाताला पट्टी, त्यामुळे बारकीने डाव्या हाताने जेवायचं. चार माणसांसमोर घास सांडायचा. वेणी मी घालायची. पायरीवर बसून राहायचं, आणि येणाऱ्या प्रत्येकाने विचारायचं, "हात कसा आहे?" सुताराने कसलातरी लेप दिला. शाळेच्या बाईंनी मलमाची नळी आणली. एक म्हातारा गिऱ्हाईक, ज्याला आम्ही चौदाहाती म्हणायचो कारण तो दरवेळी बरोबर चौदा हातच दोर मागायचा, तो तर पट्टी सोडून दाखव म्हणून अडून बसला. म्हणाला, "मी आयुष्यभर बैलांच्या जखमा बघितल्यात." आई म्हणाली, "ती बैल नाही." चौदाहाती गेला, पण दुसऱ्या दिवशी परत आला, कुठलीशी मुळी घेऊन.

दूधवाली मावशी तेवढी काही आणायची नाही. रोज भांडं ठेवायची, पायरीकडे बघायची आणि म्हणायची, "लवकर बरी हो गं. तुझ्याशिवाय सकाळ सुनी जाते." बारकी हसायची. ते हसणं माझ्या डोळ्यांत खुपायचं.

बारकी पायरीवर, आई गुडघ्यांनी अधू, मी चाकावर. मग मागे कोण जाणार? बाबा. साठीच्या बाबांनी कमरेला भारा बांधला. पंधरा वर्षांत ते उलटे चालले नव्हते. पहिले काही दिवस पेड असा आला की बघवेना, आणि बाबांनी तो स्वतःच हातात घेतला, पण "हं" काही केलं नाही. मग दीड महिना होत आला तेव्हा, एका भर दुपारी, दारात पाचसहा माणसं दोरासाठी ताटकळलेली, आणि बाबा तिसाव्या पावलाला दगडाला अडखळून पाठीवर पडले. भाऱ्यामुळे त्यांना वळता येईना. हातपाय वर. कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नाही, माणूस पडला की हसू येतं. बारकी पायरीवरून उठून धावली. आई जागेवरूनच म्हणाली, "हात."

बारकी मध्येच थांबली. बाबांना सुताराने उठवलं. ती भर वाटेत पट्टीचा हात छातीशी धरून उभी होती, आणि सगळी माणसं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत दया होती. खोट्या दुखण्याची खरी दया. मला त्या क्षणी वाटलं की ही गोष्ट मीच रचली आणि मीच मोडायला हवी. पण मी पुढचा ताग आकड्याला लावला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी वाटेवरचा पाला झाडत होतो. ती डाव्या हाताने झाडू मारत होती, सवयीने, घरातलंच कुणी बघत असलं तरी.

"ताई, मी सोमवारी जाते," ती म्हणाली.

"कारखान्यात?"

"हो. आणि परत येणार नाही. सुट्टीलासुद्धा नाही."

"का गं?"

तिने झाडू उभा धरला. "इथे मी नाहीच. इथे एक हात आहे. सगळे त्या हाताशी बोलतात. तूसुद्धा."

मला बोलायचं होतं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या डोक्यात ठाण मांडून होतं. पण माझं म्हणणं असं की न बोलण्यातच माया आहे, जखम उकरू नये. असं माझं तेव्हा म्हणणं होतं. जखम कुठे आहे हे मी तिला विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "बाबांचं कसं होईल? एवढं काम आहे." आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाला गोळा करायला खाली वाकले. सोमवारला पाच दिवस होते. ती गेली की संपलं, हे मला ठाऊक होतं. बारकी बोलल्याप्रमाणे वागणारी.

शनिवारी सकाळी दारात नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. वरच्या वस्तीची मोठी विहीर आटत आली होती, तिथल्या सगळ्यांना एकाच दिवशी लांब दोर हवे होते. आई एका बाजूला ताग विंचरतेय, दुसरीकडे लोकांना थोपवतेय, त्यातच तिने घाईघाईत बारकीची पट्टी बांधली. बांधली आणि उठली.

मावशी दूध घेऊन आली. भांडं खाली ठेवलं, पायरीकडे बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बारके, काल उजवा होता ना?"

पट्टी डाव्या हाताला होती. सगळ्यांनी बघितलं. चौदाहातीने तर मान पुढे काढून बघितलं. आईच्या हातातली फणी थांबली. मला वाटलं, जमीन फाटली तर बरं. वर्षभराने बारकीने मला सांगितलं की आईने हात मागितला तेव्हा डावा हात तिने मुद्दाम पुढे केला होता. आई तोंडाकडे बघतच नव्हती, तिला कळणार कसं?

बारकी उठली. दातांनी गाठ सोडली, पट्टी काढली, घडी केली आणि पायरीवर ठेवली. मग कोपऱ्यातला भिजवलेला तागाचा भारा उचलला, कमरेला बांधला, आणि माझ्यासमोर येऊन आकड्याला टोक लावलं. दोन्ही हात तिचे स्वच्छ, दीड महिना ऊन न लागल्याने उजवा थोडा गोरा पडलेला. बाबा बाजूला झाले. मावशीला ती शांतता सहन झाली नाही. बिचारीला वाटलं आपल्यामुळे काहीतरी बिघडलंय, ते सावरावं. म्हणून तिने आपलं नेहमीचं काढलं.

"चला, बरी झाली म्हणायची. काय गं, कितवा महिना?"

आई म्हणाली, "मावशी," एवढंच.

बारकीने माझ्याकडे बघून मान हलवली, फिरव. मी चाक फिरवलं. ती एक पाऊल मागे गेली, दुसरं, तिसरं.

"मावशी, हाताला काही झालं नव्हतं," ती चालता चालता म्हणाली. आवाज साधा, ऊन किती आहे सांगावं तसा. "मला दिवस गेले होते. मला नको होतं. मी दवाखान्यात जाऊन पाडून घेतलं."

सातवं पाऊल. चाक माझ्या हातात होतं म्हणून मी उभी होते. मला वाटलं, दहा पावलं होईपर्यंत बोलेल आणि मग गप्प होईल, आमच्या पद्धतीने. तशी ती अकराव्या, बाराव्या पावलाला गप्प झालीही. मग म्हणाली, जरा मोठ्याने, कारण आता लांब गेली होती, "ताई, ऐकू येतंय ना?"

माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती. वरच्या वस्तीच्या बायका, सुतार, चौदाहाती. हो म्हणायचं तर ओरडून म्हणायला लागणार होतं. मान हलवून भागलं असतं. मी आयुष्यभर मान हलवत आलेली बाई. पण सोमवार दोन दिवसांवर होता आणि ती उलट्या पावलांनी माझ्यापासून लांब लांब जात होती.

"येतंय," मी ओरडले. "बोल. आणि सगळ्यांना सांगते, ही पट्टीची गोष्ट मी रचली. तिने नाही."

तिचा चेहरा बदलला. इतक्या लांबूनही दिसलं मला. बोटं मात्र चालूच, ताग सुटत होता.

"मला पस्तावा नाही, ताई," ती पंचवीस पावलांवरून म्हणाली. "मला झोप लागते. मोकळं वाटतं. हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण मला रडायला हवं असं सगळ्यांना वाटतं."

"सांग मला," मी म्हणाले.

"आणि कधी कधी वाईट वाटतं. दोन्ही एकदम वाटतं. सकाळी एक, दुपारी एक. मग मला वाटतं मीच वेडी झाले."

"वेडी नाहीस."

"काय?"

"वेडी नाहीस म्हणते," मी घसा फोडून ओरडले. चाळीस पावलं झाली होती. वरच्या वस्तीची एक बाई तोंड फिरवून निघून गेली, दोर न घेताच. सुतार खाली बघत होता. मावशी दुधाच्या भांड्याशेजारी जमिनीवरच बसली होती.

"दीड महिना सगळे विचारतात हात कसा आहे," पलीकडून आवाज आला. पन्नास पावलांवरून आता प्रत्येक शब्द ती वेगळा करून फेकत होती. "मी कशी आहे ते एकानेही विचारलं नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत नाही. मी जे केलं त्याचं मला एवढं लागलं नाही, ताई. आई बघत नाही त्याचं लागतं."

ती साठाव्या पावलाला पोचली. भारा संपला. पेडाचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून ती उभी राहिली. या वेळी ओरडायचं असतं, बास, की मी चाक थांबवते. ती बास म्हणाली नाही. बहुतेक रडत होती, मला नीट दिसत नव्हतं. माझेही डोळे भरलेले.

पुढे काय काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मागे प्रश्न नकोत. तीन घरांनी आमच्याकडून दोर घेणं बंद केलं. त्यातलं एक पावसाळ्याआधी परत आलं, कारण तहान कुणाला सोडते. चौदाहाती दुसऱ्या दिवशी चौदा हातांसाठी हजर. मावशी आठ दिवस दूध दारात ठेवून न बोलता जायची, मग नवव्या दिवशी बारकीला बाजूला घेऊन म्हणाली, मला बाई काय बोलावं कळत नाही, पण मला तुझ्याशी बोलायचंय, तेव्हा तूच काहीतरी बोल. बारकीने तिला म्हशीबद्दल विचारलं. ती थट्टा मात्र पुन्हा कधी झाली नाही, आणि खरं सांगते, मला ती थट्टा गेल्याचं दुःख आहे. बारकी सोमवारी गेली नाही. दोन वर्षं राहिली, मग शहरात स्वतःचं शिवणाचं दुकान काढलं, आणि दर सुट्टीला येत राहिली. पुढे तिला दोन मुलं झाली, तिला हवी होती तेव्हा. आता तिचेही गुडघे गेलेत. फोनवर आम्ही दोघी ओरडूनच बोलतो, तिची सून म्हणते, फोन कशाला घेता, असंच ऐकू जाईल.

पण त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या सकाळी बारकी पलीकडच्या टोकाला उभी होती, मी चाकावर, आणि मध्ये साठ पावलांचा ओला पेड ताणलेला, थरथरत. आई उठली. तिने मांडीवरचा ताग झटकला, गुडघ्यांवर हात ठेवून एकदा थांबली आणि वाटेवर चालायला लागली.

पेड ताणलेला असताना वाटेवर कुणी पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. पेड सुटला तर चाबकासारखा बसतो. आम्ही रांगत असल्यापासून आईनेच हा नियम आम्हाला मारून मारून शिकवलेला. मी बाबांकडे बघितलं. चाक चालू ठेवलं तर पीळ जास्त होऊन पेड वाया जाणार. थांबवलं तर आईचं लक्ष जाईल, ती मागे वळेल, आणि तिचं हे चालणं तिथेच संपेल. बाबांनी आयुष्यात वीतभर पेड वाया जाऊ दिला नव्हता.

"फिरव," बाबा म्हणाले.

मी फिरवत राहिले. आई पेडाच्या कडेकडेने चालली, एक हात झाडांना लावत, दर दहा पावलांनी थांबत. सगळ्या माणसांसमोर. कुणी हललं नाही. तिला फार वेळ लागला. पेडाला वळ्या पडायला लागल्या होत्या. ती पोचली, आणि तिने पहिल्यांदा काय केलं, तर बारकीच्या मुठीतून पेडाचं टोक स्वतःच्या हातात घेतलं. बारकीचे दोन्ही हात मोकळे झाले, आणि त्यांचं काय करायचं हे तिला कळेना, ते तसेच लोंबत राहिले. आईने मान वर केली. बारकी तिच्यापेक्षा उंच, त्यामुळे आईला नीट वर बघावं लागलं. आणि ती बोलायला लागली.

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. साठ पावलं लांब होते मी, आणि आई हळू बोलत होती. बारकी मध्ये एकदा काहीतरी म्हणाली, मग आई पुन्हा बोलली, बराच वेळ. मी दोघींनाही नंतर विचारलं, एकदा नाही, दहादा. आई गेली तोपर्यंत तिने सांगितलं नाही, आणि बारकी अजूनही सांगत नाही. म्हणते, ते माझं आहे.